घाट रोडचं बिनपाटीचं शटर आणि माझ्या झेनचा तुटका स्टड

आधी या वर्कशॉपचा पत्ता सांगतो, कारण पाटी नाही. नागपुरात कॉटन मार्केटकडून घाट रोडला लागायचं आणि मोक्षधाम स्मशानघाटाच्या अलीकडे थांबायचं. (गाडीनंही आणि आपणही.) डाव्या हाताला ट्रकच्या जुन्या कमान-पट्ट्यांची चळत दिसेल, तिथून गल्लीत आत गेलं की तिसरं शटर. आत एक म्हातारा लेथ, एक पिलर ड्रिल, आणि भिंतीवर खडूनं लिहिलेले गिऱ्हाइकांचे फोन नंबर. आजूबाजूला कुणालाही ‘उस्तादचं शटर’ विचारलं की बोट दाखवतात. माझे पाचपैकी साडेचार तारे या शटरला. अर्धा का कापला ते खाली येईलच.

आता रामायण.

गाडी मारुती झेन, 2004 ची, एमएच-31. पंधरा वर्षं 2019 ला भरली तेव्हा पासिंग करून आणलं, 2024 ला पुन्हा आणलं. घरचे म्हणतात विका. मी कळमन्याच्या एका दालमिलमध्ये हिशेब लिहितो, त्यामुळे विकून किती येतील आणि नवीच्या हप्त्यात किती जातील हे मला तोंडपाठ आहे. म्हणून गाडी आहे, आणि रविवारी मी तिच्याखाली आहे.

दिवाळीनंतर थंडी पडली तशी सकाळी गाडी सुरू केली की आवाज यायला लागला. टिक-टिक-टिक, शिलाई मशीन चालल्यासारखा. मानेवाड्याहून निघून मेडिकल चौकापर्यंत पोचलं की आवाज गायब. पहिल्यांदा वाटलं टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग). पण टॅपेट असं वेळ पाहून गप्प बसत नाही. बॉनेट उघडून हीट शील्ड काढली तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या जोडाच्या) अगदी टोकाला, गॅस्केटच्या (सांधा बंद करणाऱ्या पातळ पट्टीच्या) कडेला, काजळीचा पंख्यासारखा डाग. गाडी थंड असताना तिथून धूर फुसफुसायचा, तापली की लोखंड फुगून फट बुजायची. केबिनमध्ये ब्लोअरमधून वासही येत होता. वास येतो तो एका परीनं बराच, त्याच्यासोबत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. तेव्हापासून ब्लोअर बंद, काचा उघड्या, आणि डिसेंबरच्या सकाळी कानाला मफलर बांधून कार चालवणारा मी. ॲव्हरेजही सोळावरून तेरावर आलं होतं. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी फट असली की तिथून बाहेरची हवाही आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि गाडीचा कॉम्प्युटर बिचारा आणखी पेट्रोल सोडत राहतो.

गॅस्केट बदलायचं काम तसं साधं. शनिवारी रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवायचा स्प्रे मारला, रविवारी सकाळी बारा नंबरची गोटी (सॉकेट) लावली. मधले नट कुरकुरत सुटले. शेवटचा नट मात्र आधी अडला, मग एकदम लोण्यासारखा फिरला. ज्यानं कधी स्टड, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात (हेडमध्ये) रोवलेला आट्यांचा दांडा, तोडलाय त्याला हे लोणी ठाऊक आहे. हाताला कळतं, डोक्याला पटत नाही. मी आणखी अर्धा फेरा फिरवला, आणि नट, त्यात अडकलेला स्टडचा तुकडा, सगळं गोटीत घेऊन बाहेर आलं. उरलेला स्टड हेडच्या पृष्ठभागाला अगदी सपाट. पकडायला काडीभरही जागा नाही.

टोकाचेच स्टड का तुटतात, हे मला नंतर सासऱ्यांनी समजावलं. ते अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून टर्नर म्हणून रिटायर झालेले. मॅनिफोल्ड बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. दोघंही तापतात, पण सारखे फुगत नाहीत. मधल्या स्टडला ही ओढाताण फारशी जाणवत नाही, टोकाचा मात्र दर फेरीला थोडा वाकतो आणि सरळ होतो. वीस वर्षं तार अशी वाकवली तर काय होईल? वर गंज. वर ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटलं की जो पांढरट भुसा धरतो, तो तर सिमेंटच.

हे सगळं आधी कळलं असतं तर बरं होतं. पण फोन लावायच्या ऐवजी मी ऑनलाइन एक्स्ट्रॅक्टर सेट मागवला (यालाच ईझी आउट म्हणतात, तुटक्या स्टडच्या भोकात रुतवून त्याला बाहेर फिरवायचा). 449 रुपये, पाच नग, लाल डबा. तुटलेला स्टड ‘काही सेकंदांत’ बाहेर, असं चित्रात दाखवलं होतं. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण तोच डबा पाच वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. त्याला एक तारा, तोही डब्यासाठी. डबा चांगला आहे, मी त्यात फ्यूज ठेवतो.

माझी चूक अशी झाली. एक्स्ट्रॅक्टर लावायला स्टडच्या मधोमध भोक पाडावं लागतं. तुटलेला स्टड वरून सपाट वाटला तरी एका बाजूला किंचित उतार होता. सेंटर पंच (ड्रिलसाठी मधोमध खूण करायचं टोकदार हत्यार) मी मारला, पण तोच मुळात नेमका मध्ये बसला नाही. ड्रिल घसरलं आणि ॲल्युमिनियमच्या बाजूला झुकलं. स्टडचं लोखंड कडक, शेजारचं ॲल्युमिनियम मऊ. ड्रिल नेहमी मऊ बाजूला पळतं. भोक मध्यापासून मिलिमीटरभर सरकलं आणि वरच्या दोन आट्यांना एका बाजूनं खरचटलं. तरी मी थांबलो नाही. एक्स्ट्रॅक्टर ठोकून बसवला, पाना लावला, जोर दिला. टक्‌ असा बारीक आवाज झाला. एक्स्ट्रॅक्टरचं टोक आत, उरलेला माझ्या हातात.

एक्स्ट्रॅक्टर फार कडक पोलादाचा असतो. कडक म्हणजे ठिसूळ. तो आत तुटला की साध्या ड्रिलनं त्यात भोकही पडत नाही. म्हणजे आधी माझ्याकडे एक तुटका स्टड होता, आता तुटक्या स्टडच्या आत एक तुटका एक्स्ट्रॅक्टर होता.

सासऱ्यांना फोन केला. ते आधी हसले, मग म्हणाले, “जवाईबापू, याले ईझी आउट नाव ज्यानं ठेवलं, त्यानं जिंदगीत एकही स्टड काढला नसन.” मग गंभीर होऊन म्हणाले, आता हात लावू नका, घाट रोडला जा.

त्याआधी एका गॅरेजवाल्याला फोटो पाठवून विचारलं होतं. त्यानं फोटो मोठा करून न पाहताच सांगितलं, हेड उतरवावं लागेल, साडेनऊ हजार, वर गॅस्केट सेट वेगळा. कदाचित त्याच्या बाजूनं ते बरोबरही असेल. हेड टेबलावर आलं की काम सोपं होतं. पण माझ्या खिशाच्या बाजूनं नव्हतं.

सोमवारी लंच टाइममध्ये शटरला गेलो. उस्तादचं वय साठीच्या आसपास, बोटं काळी, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी फोटो पाहिला, मग मला पाहिलं.

“हे भोक कोनं पाडलं?”

“मीच.”

“हाव, दिसून राहिलं.”

एवढंच. लेक्चर दिलं नाही, घाबरवलंही नाही. विचारलं फक्त, मॅनिफोल्ड काढलाय का, घराशी पंधरा अँपिअरचा प्लग आहे का, आणि गाडीत पेट्रोल किती आहे. मॅनिफोल्ड घेऊन या म्हणाले, आणि उद्या दुपारी दोनला मी येतो.

मंगळवारी दोनला काही ते आले नाहीत. हाच तो कापलेला अर्धा तारा. शहरात हिवाळी अधिवेशन सुरू होतं आणि उस्ताद सकाळी धंतोलीत एक गेट जोडायला गेले होते. यशवंत स्टेडियमहून मोर्चा निघाला, रस्ते बंद झाले, आणि ते ॲक्टिवावर पुढे वेल्डिंग मशीन ठेवून तासभर उभे. नागपुरात डिसेंबरात कुणीही उशिरा आलं तर हे कारण चालतं, आणि बहुतेक वेळा खरंही असतं. पण फोन करायला काय जातं? मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून बसलो होतो. ते फोन करत नाहीत, उचलत तर त्याहून नाहीत. भिंतीवर एवढे नंबर कशाला लिहिलेत देव जाणे.

साडेचारला आले. पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह काढली. मग अल्टरनेटरची वायर. म्हणाले, वेल्डिंगचा करंट भलतीकडून गेला तर कॉम्प्युटर जातो, मग साडेनऊ हजारही कमी पडतील. अर्थिंगचा चिमटा स्टडपासून वीतभर अंतरावर, हेडलाच लावला. ओलं पोतं मागितलं आणि रबरी पाइप, वायरिंग सगळं झाकलं. वाळूची बादली जवळ ठेवायला लावली. इतकी तयारी पाहून माझ्याच पोटात गोळा आला, कारण आदल्या रविवारी मी त्याच जागी स्प्रे मारून वर हेअर ड्रायर लावला होता.

प्लग तळमजल्यावरच्या काकूंकडून घेतला, गीझरचा. काकूंनी अट घातली की तुळशीच्या लोखंडी स्टँडचा पाय तुटलाय, तो जोडून द्यायचा. उस्ताद हो म्हणाले.

आता खरी गंमत. मला वाटत होतं ते तुटक्या स्टडवर थेट नट ठेवून जोडतील. त्यांनी आधी वायसर ठेवला, मुद्दाम लहान भोकाचा, सहा नंबरचा. स्टड आठ एमएमचा, त्यामुळे वायसरच्या भोकातून फक्त स्टडचा मधला भाग दिसत होता आणि भोवतालचं ॲल्युमिनियम झाकलं गेलं. वेल्डिंगचा स्टेनलेसचा बारीक रॉड घेतला. एकदा चर्र, दोन सेकंद, बस. वायसर स्टडला धरला. मग त्यावर थोडं थोडं मेटल भरत बटणासारखा उंचवटा केला. असा रॉड ॲल्युमिनियमला धरत नाही, म्हणून थोडं इकडेतिकडे झालं तरी हेडला तसं काही होत नाही. आत अडकलेला माझा एक्स्ट्रॅक्टर त्याच रसात वितळून मिसळला. ज्यानं मला दोन दिवस झोपू दिलं नाही, तो दोन मिनिटांत रस होऊन गेला. मग त्या बटणावर दहा एमएमचा नट ठेवून आतून भरला.

नट लाल होता तेव्हा मी पाना पुढे केला. उस्तादनं हात बाजूला सारला. “काहून घाई करून राहिले? लाल हाय तवर तो फुगलेला हाय. बसू द्या.”

हेच मला कुठल्या व्हिडिओत कळलं नव्हतं. सगळे सांगतात गरम करा, फिरवा. उस्ताद म्हणतात गरम करा, आणि थांबा. तापलेला स्टड फुगतो, भोवतालच्या गंजाला चिरडतो. मग निवताना आकसतो आणि केसाएवढी फट सोडतो. ती फट तयार व्हायच्या आधी पाना लावला तर पुन्हा तुटतो. लाली गेली तशी त्यांनी मेणबत्ती मागितली. दिवाळीतली उरलेली होती. नटाच्या बुडाला टेकवली तर मेण वितळून आत ओढलं गेलं, जसं वातीत तेल चढतं तसं.

पहिला नट तुटला. दुसराही. मी हताश झालो, उस्ताद नाही. प्रत्येक वेळी तुटलेलं ग्राइंडरनं साफ करायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा थांबायचं. म्हणाले, नट तुटला तरी ताप आत गेला ना, ते काम फुकट जात नाही. तिसऱ्या नटावर सतराचा पाना लावून त्यांनी आधी घट्ट करायच्या दिशेनं किंचित दाबला. मग उलट. मग पुन्हा घट्ट. किर्र असा आवाज आला, जुन्या वाड्याचं दार उघडल्यासारखा. माझी मुलगी टॉर्च धरून उभी होती, ती म्हणाली, “बाबा, हललं!” उस्तादनं तिच्याकडे पाहिलं आणि पाना तिच्या हातात दिला. उरलेले फेरे तिनं काढले. पाव फेरा पुढे, थोडा मागे, पुन्हा मेण. स्टड बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांत पांढरी राखुंडी भरलेली होती.

मग आटे साफ करायचा आठ एमएमचा टॅप, सव्वाच्या आट्याचा (दोन आट्यांत सव्वा एमएम अंतर), धारांत ग्रीस भरून हातानं फिरवला. ग्रीस यासाठी की चुरा आत न पडता त्यालाच चिकटून बाहेर यावा. मी खरचटलेले दोन आटे वरचेच होते. मी विचारलं, कॉइल (खराब आट्यांच्या जागी बसवायचं तारेचं वेटोळं) बसवायची का? आता इथे दुसरा कुणी असता तर हो म्हणून आणखी हजार लावले असते. उस्तादनं नवा स्टड हातानं शेवटपर्यंत बसवून दाखवला. खालचे आटे शाबूत आहेत, स्टड थोडा लांब घ्या, कॉइलची गरज नाही.

मॅनिफोल्डबद्दलही बोलायला हवं. शटरला त्यांनी त्यावर स्टीलची पट्टी उभी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घातला होता. टोकाशी 0.30 एमएमचं पान आरामात आत गेलं. म्हणजे नुसती गॅस्केट बदलली असती तर सहा महिन्यांत पुन्हा शिलाई मशीन. शेजारच्या शटरमधून सरफेस ग्राइंडरवर फेस मारून (तोंड घासून सपाट करून) आणून दिला. ही गोष्ट मी विचारली नव्हती, त्यांनी स्वतःहून पाहिली.

हिशेब असा. घरी येऊन स्टड काढणं 800. मॅनिफोल्डला फेस 350. नवे स्टड आणि पितळी नट मिळून 420. पितळी अशासाठी की पुढच्या वेळी नट स्टडला गंजून चिकटू नये. गॅस्केट वेगळी, ती मी आधीच आणली होती. बिल मिळत नाही, सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीमागे आकडे लिहून देतात. यूपीआय चालतं, पण स्कॅनर मुलाच्या नावाचा आहे आणि मुलगा पैसे आल्याचं सांगेपर्यंत तुम्हाला बसून राहावं लागतं. चहा मिळतो. काकूंच्या तुळशीच्या स्टँडचे पैसे घेतले नाहीत.

बसवताना मी स्टडला तांब्याची पेस्ट लावली, नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, दोन टप्प्यांत आवळले. एकदा इंजिन पूर्ण तापवून, रात्रभर थंड होऊ देऊन पुन्हा तपासले. टोकाचा नट थोडा सैल निघाला, तो घेतला. आता सकाळी आवाज नाही. मफलर सुटला.

कुणी जाणार असाल तर दोन सूचना. गाडी नेऊ नका, गल्लीत वळत नाही. पार्ट काढून न्या किंवा त्यांना घरी बोलवा. आणि आधी भोक पाडून नेऊ नका. पाडलंच असेल तर खोटं बोलू नका, ते ओळखतात.

पैसे द्यायला गेलो तेव्हा एक्स्ट्रॅक्टरचे उरलेले चार नग सोबत नेले, म्हटलं तुमच्या कामाचे असतील तर ठेवा. त्यांनी त्यातला सगळ्यात जाड एक उचलला, ग्राइंडरवर धरला, दोन-तीनदा पाण्यात बुडवत टोक काढलं आणि अंगठ्यानं तपासलं. मग खडूनं लेथच्या पत्र्यावर एक फुली मारली, तिच्या मध्यावर तो उभा धरून हातोडीचा एक हलका ठोका दिला. खूण बरोबर फुलीच्या मध्ये बसली.

“चांगला सेंटर पंच झाला,” म्हणाले, आणि खिशात टाकला.